पाव इंच उतार

"तुमचे खांदे उतरते आहेत," तो म्हणाला. "पाव इंच. दोन्ही बाजूंनी."

अनोळखी माणसाने जिन्यात अडवून पहिलंच वाक्य हे बोलावं, म्हणजे काय म्हणावं याला? लिफ्ट बंद होती, जिन्यातला दिवा गेलेला, बाहेर सकाळपासून बारीक पाऊस लागून राहिलेला. तिच्या दोन्ही हातांत मांजरपाटाचे तुकडे होते, काखेत लांब पट्टी आणि ओठांत दोन टाचण्या. टाचण्या होत्या म्हणून तो दोन क्षण वाचला. तिने त्या काढून ओढणीला टोचल्या आणि मग तोंड उघडलं.

"तुम्ही भेटेल त्या बाईचे खांदे मोजता, की आज माझ्यापासून सुरुवात?"

"नाही हो…" तो एक पायरी खाली सरकला. "मी कापडवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान आहे माझं. तुमच्या मासिकातला पॅटर्न दर महिन्याला शिवतो, पुतळ्यावर चढवतो, खिडकीत उभा करतो. बायका बघतात, आत येतात, कापड घेतात. पण गेली तीन वर्षं त्या पॅटर्नचा खांदा पाव इंच खाली येतोय. आधी यायचा नाही. परवाच्या अंकात वाचलं, आता दोनच अंक राहिलेत. म्हटलं, बंद व्हायच्या आत बघून यावं, कोण काढतं हे. खाली विचारलं तर कुणाला माहीतच नाही… आणि तेवढ्यात तुम्ही वरून येताना दिसलात."

"मग?"

"मग विचारायची गरजच उरली नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या पॅटर्नमध्ये चूक निघणार नाही, असं ती त्याला म्हणाली. दोन पायऱ्या उतरून परत वळली आणि पुन्हा एकदा म्हणाली. तो नुसता मान डोलवत उभा राहिला. भांडायला तयार नसलेल्या माणसाचा राग जास्त येतो, तसा तिला आला.

ऑफिसात तिला सगळे इंचपट्टी म्हणत. मासिक बायकांचं, फॅशनचं. प्रत्येक अंकाच्या पोटात आठ घड्यांचा एक पातळ कागद असायचा. उघडला की जेवणाच्या टेबलाएवढा, आणि त्यावर त्या महिन्याच्या ड्रेसचा पॅटर्न पूर्ण मापात छापलेला. वाचक बायका तो जमिनीवर पसरत, कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवत, इस्त्री, डबा, मुलाचा बूट, आणि कापड कापत. अकरा वर्षं तो कागद इंचपट्टी काढत होती. तिचं नाव त्यावर कधी छापलं गेलं नाही आणि तिनेही कधी मागितलं नाही.

आता नवे मालक आले होते. मासिक यापुढे फक्त फोनवर निघणार होतं. फोटोतल्या ड्रेसवर बोट ठेवलं की तयार ड्रेस घरी. फोनच्या पडद्यावर बाहीचा मुंढा मावत नाही आणि तयार ड्रेसला कात्री लागत नाही, त्यामुळे घडीच्या कागदाचं काय, हा प्रश्न कुणाला पडलाही नव्हता. तिला मात्र ठेवून घेणार होते, फोटोंखाली दोन-दोन ओळी लिहायला. 'या मोसमात बाही सैल हवी', असलं काहीतरी. ती हो म्हणाली होती. घरी बाबा होते, नाही म्हणण्याची चैन तिला परवडणारी नव्हती.

त्या दुपारी तिने चार वर्षांचे कागद कपाटातून काढले आणि एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. पावसाळी उजेडात रेघा आरपार दिसत होत्या. छाती जुळली. कंबर जुळली. खांद्याची रेघ एका महिन्यापर्यंत जुळत होती, आणि तिथून पुढे खाली घसरली होती ती घसरलेलीच.

कुठला महिना, हे तिला कागदाची तारीख न बघताही कळलं. त्याच महिन्यात ट्रायलसाठी येणाऱ्या मॉडेलला काढून टाकलं होतं. तेव्हापासून इंचपट्टी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस स्वतःच्याच अंगावर चढवायची, बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून टाचण्या लावायची आणि तेच माप कागदावर उतरवायची. आणि त्याच महिन्यात तिची आई गेली होती. बाबांचा डावा हात-पाय त्याआधीच लुळा पडला होता. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवायचं काम आईकडून तिच्याकडे आलं, रोज चार वेळा. खांदे कधी उतरले ते तिला कळलं नव्हतं. कागदाला कळलं होतं. तिचा थकवा तीन वर्षं दर महिन्याला वीस हजार प्रतींत छापला जात होता आणि घरोघरी बायका तो मन लावून शिवून अंगात घालत होत्या.

तिला इतकी लाज वाटली की तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

शनिवारी ती त्याच्या दुकानाकडे गेली. माफी मागायला की भांडायला, हे तिचं ठरलं नव्हतं. आधी नुसती खिडकी बघायची होती. खिडकीत पुतळा उभा होता, अंगावर ह्या महिन्याचा करड्या रंगाचा ड्रेस. आणि ड्रेस खांद्यावर बसला होता, कुठेही एक चुणी नाही. ती थोडा वेळ पावसात उभी राहिली आणि मग दार ढकलून आत गेली.

आत एक म्हातारीशी बाई काउंटरवर घडीचा कागद पसरून बसली होती. कापडवाला पेन्सिल घेऊन वाकला होता. दाराकडे त्याची पाठ होती.

"इथे खांदा पाव इंच वर घ्या, मावशी. खूण करून देतो."

"दर वेळी खूण करता. त्या मासिकवाल्यांना एकदा कळवून टाका की."

"कळवलं तर सुधारतील."

"मग चांगलंच आहे."

"चांगलंच आहे," तो म्हणाला. "पण मग तुम्ही माझ्याकडे खूण करून घ्यायला कशाला याल?"

मावशी हसल्या, पिशवी उचलून निघाल्या. तो वळला, आणि इंचपट्टीला बघून त्याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझी चूक झाकताय," ती म्हणाली.

"झाकत नाही. वर घेतो."

"आणि पुतळ्याला कसा बसला? पुतळ्याचे खांदे तर सरळ असतात."

"घासले."

"काय?"

"कानशीने. दोन्ही खांदे." तो कानामागे खाजवायला लागला. "गिऱ्हाइकाच्या अंगावर बरोबर बसायला हवा, ते ठीक. पण खिडकीत छापलाय तसाच दिसायला हवा ना… छाती तुमच्या कागदावरची, कंबर तुमच्या कागदावरची, मग खांदेच तेवढे दुसऱ्या कुणाचे कशाला? म्हणजे तसं बघायला गेलं, तर तीन वर्षं तुम्ही माझ्या खिडकीत उभ्या आहात. आत आज पहिल्यांदा आलात."

तिला रागवायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मांजरपाट आहे?"

"किती देऊ?"

"पाच मीटर," ती म्हणाली. तिला अर्धा मीटरही नको होतं.

त्यानंतर ती दर शनिवारी जायला लागली. दाराशी पोचली की खांदे मागे घ्यायची, मान ताठ करायची आणि मगच आत पाऊल टाकायची. कापडवाल्याच्या काउंटरच्या कडेला मीटरची पितळी पट्टी ठोकलेली होती. तो डाव्या हाताने कापड ओढून त्या पट्टीवर मोजायचा, आणि मोजताना मुद्दाम चुकायचा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मोजता येईल.

"सात झाले ना?"

"पाचच मागितलेत मी."

"मग परत मोजतो. घाई आहे का?"

"घाई नाही. पण पाऊस थांबलाय."

"परत येईल," तो म्हणायचा. "बसा."

घरी कपाट मांजरपाटाने भरत चाललं होतं. बाबांची जीभ जड झाली होती, पण नजर शाबूत होती. एका शनिवारी ती त्यांना खुर्चीत बसवत होती, तेव्हा त्यांनी ढिगाकडे बोट केलं.

"तंबू शिवतेस का?"

"सेलमध्ये होतं बाबा."

"आणि हे काजळ? तेही सेलमध्ये?"

तिने त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. त्यांनी चालत्या हाताने तिच्या मनगटावर थोपटलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. ते दिसायला साधं होतं, पण तिला दिवसभर जड गेलं.

चौथ्या शनिवारी दुकानातल्या फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. रंगीत थान जिथे असायचे तिथे भिंतीचा फिका चौकोन दिसत होता. तिने विचारायच्या आधीच त्याने सांगितलं.

"दुकान बंद करतोय. कापड घेऊन शिवणारं कोण राहिलंय आता? तुमचा कागद होता तोवर बायका यायच्या. तोही गेला की मी कुणाची वाट बघू?" तो रिकाम्या फळीवरची धूळ बोटाने पुसत होता. "तयार कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय, कापायचं. दिवसभराचा प्रवास आहे इथून. तिथे म्हणे एका वेळी दोनशे थर कापतात. कुणाचे खांदे बघायचे नसतात."

"कधी?"

"तुमचा शेवटचा अंक आला की दुसऱ्या दिवशी. चारची बस आहे."

 दोन आठवडे उरले होते. तिने काउंटरवरचा कापडाचा तुकडा उचलला, घडी केली, उलगडला, परत घडी केली. मग, का कोण जाणे, तिने त्याला सगळं सांगून टाकलं. मॉडेलचं, आरशाचं, आईचं, बाबांना उचलण्याचं. सांगताना ती पितळी पट्टीकडे बघत होती.

त्याने बोटावरची धूळ झटकली.

"मग खांदा बरोबरच होता," तो शेवटी म्हणाला. "मीच उगाच वर घेत होतो."

एवढं ऐकल्यावर पुढचं कुणीतरी बोलायला हवं होतं. तो बोलला असता तर ती ऐकून घेणार होती. ती बोलली असती तर तो दुकानाची किल्ली खिशात टाकून तिथेच बसून राहिला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती बोलली नाही. तिला बाबांना सोडून जाता येणार नव्हतं. त्याला रिकाम्या फळ्यांवर जगता येणार नव्हतं. त्याने कापड मोजलं, या वेळी एकदाच आणि बरोबर, आणि ती ते घेऊन पावसात निघून गेली.

शेवटचा पॅटर्न तिने पाच दिवसांत काढला. संपादकबाईंना लांब घेराचा गाऊन हवा होता, आठवण म्हणून. इंचपट्टीने टेबलावर कागद पसरला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा पुरुषाचा शर्ट आहे."

"हो, बाई."

"आपलं मासिक बायकांचं आहे गं."

"शिवणाऱ्या बायकाच आहेत."

"माप कुणाचं धरलंयस?"

"नेहमीचं. मध्यम."

संपादकबाईंची बत्तीस वर्षं मासिक काढण्यात गेली होती, आणि तेवढी वर्षं माणसं त्यांच्याशी खोटं बोलत आली होती. त्यांनी बाह्यांवर बोट ठेवलं. एरवी एकच बाही छापत आणि बायका ती दुहेरी कापडावर कापत. इथे दोन होत्या.

"मध्यम माणसाचा डावा हात उजव्यापेक्षा लांब असतो का?"

"कापड ओढून ओढून होतो," इंचपट्टी म्हणाली, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

"बरं. आणि कॉलर कुठे आहे?"

"हात काउंटरवर असतो, पट्टीशेजारी. खांदे, पाठ… नजरेने कळतात. गळा नाही कळत. त्याला टेप लावावीच लागते."

 संपादकबाईंचंही टेबल पुढच्या आठवड्यात जाणार होतं, भिंतीवरची जुनी मुखपृष्ठं आधीच खाली उतरली होती. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि कागदाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने मथळा लिहिला, 'आपल्या माणसासाठी शर्ट'. गळ्यापाशी बाण काढून लिहिलं, 'कॉलर प्रत्यक्ष माप घेऊनच कापावी.'

"जाऊ दे छापायला," त्या म्हणाल्या. "आता कोण तक्रार करणार आहे? आणि केली तर उत्तर द्यायला आपण कुठे असणार आहोत?"

अंक शुक्रवारी बाजारात आला. त्या दिवशी ती दुकानाकडे फिरकली नाही. जे सांगायचं ते पूर्ण मापात छापून झालं होतं. आता त्याने कागद उघडला असेल, तर त्याला कळेल. आवराआवरीत अंक तसाच कुठेतरी गठ्ठ्यात गेला असेल, तर उद्या चार वाजता तो बसमध्ये बसेल आणि संपलं.

शनिवारी सकाळपासून ऑफिस रिकामं होत होतं. तिचं कापायचं टेबल दारातून जात नव्हतं, म्हणून दोन हमाल त्याचे पाय काढत बसले होते. ती एका कोपऱ्यात खडू आणि टाचण्या डब्यात भरत होती. अकरा वाजले. एक वाजला. जिन्यात पावलं वाजली की तिचा हात थांबायचा, आणि पावलं खालच्याच मजल्यावर संपायची. दोन वाजता तिने डब्याचं झाकण लावलं. अडीचला हमाल टेबल घेऊन गेले आणि ती त्या मोकळ्या जागेत उगाच उभी राहिली.

तीनला दहा कमी असताना तो दारात आला. अंगावर मांजरपाटाचा कोरा शर्ट होता, नवा आणि कडक. पाठीवर सरळ, खांद्यावर बरोबर. डावी बाही मनगटावर नेमकी थांबलेली. गळा मात्र तसाच कापलेला होता, कडेला दोरे लोंबत होते.

"गळ्याचं राहिलंय," तो म्हणाला.

 तिने गळ्यातली टेप काढली आणि त्याच्याजवळ गेली. टेप त्याच्या मानेमागून घेताना टोकं जुळेनात. शर्टाला खळीचा वास होता आणि त्याच्या केसांना पावसाचा.

"दोन बोटं सैल ठेवायची असते," तो हळूच म्हणाला.

"मला शिकवू नका."

तिने टेपखाली दोन बोटं घातली. बोटांखाली त्याची नाडी उडत होती.

"किती?"

"साडेपंधरा." तिने पुन्हा पाहिलं. आकडे पुसट दिसत होते. "थांबा. नीट दिसत नाहीये. परत घेते."

"घ्या. मीही तुमचे सात मीटर मोजायचो."

तिने परत माप घेतलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदाही साडेपंधराच आलं, आणि मग मोजण्यासारखं काही उरलं नाही.

"मला येता येणार नाही," ती म्हणाली. "बाबांना…"

"माहीत आहे."

"आणि तुम्हाला राहता येणार नाही."

"तेही माहीत आहे." त्याने गळ्याशी लोंबणारा एक दोरा तोडला. "काल कागद उघडला. कापड कापून पुतळ्यावर टाचून बघायला गेलो, तर बसेना. माझं डोकंच चालेना. मग डावी बाही पाहिली… रात्रभर शिवत होतो."

"आणि पुतळा?"

"कुणी घेईना. खांदे उतरलेत म्हणतात. बरोबर नेतोय. बसच्या टपावर बांधून आलोय."

तिला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. तिने तोंड फिरवलं, खांदे मागे घेतले, मान ताठ केली. गेले सहा आठवडे ती त्याच्यासमोर अशीच उभी राहत आली होती.

"कॉलर मी तिकडे कापीन," तो म्हणाला. "पण शिवणार नाही. नुसती टाचून आणीन. ट्रायल घेतल्याशिवाय कॉलर शिवू नये."

"असं मी कुठे छापलंय?"

"छापायला हवं होतं. महिन्यातून एक रविवार सुट्टी असते. रात्रीच्या बसने सकाळी पोचेन, संध्याकाळी निघेन."

"एका कॉलरसाठी?"

"कॉलरनंतर बाह्या बघू. डावी जरा…"

"डावी बरोबर आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "म्हणून तर आलो."

खाली रस्त्यावर एका गाडीने हॉर्न वाजवला. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, पण ती समजली.

"ये," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, ते तिलाही कळलं नाही. "बाबा विचारतील, तंबू झाला का शिवून. त्यांना काय सांगायचं ते तूच सांग."

"सांगेन." त्याने हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका. "आणि माझ्यासमोर असं ताठ उभं राहायची गरज नाही. मी खिडकीत तीन वर्षं पाहिलेत ते."

तिने खांदे सोडले. आधी पाव इंच, मग आणखी थोडे, मग कपाळ त्याच्या कोऱ्या शर्टावर टेकेपर्यंत. खोलीत आता एकही टेबल नव्हतं, बसायला खुर्ची नव्हती, आणि दोघांना कुठे जायचंही नव्हतं, अजून काही मिनिटं तरी. मग तो गेला, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत. तिची टेप त्याच्या गळ्यात तशीच राहिली होती. ती खिडकीशी आली तेव्हा तो बसथांब्याच्या वळणावर पोचला होता, आणि टेपची दोन्ही टोकं पावसात त्याच्या छातीवर हलत होती.